चुलीमागची भिंत

नरपडच्या आमच्या घरात एक लहानशी भिंत आहे. चार फूट रुंद आणि तीन फूट उंच. तिच्यावर सहा इंची पांढऱ्या टाइल्स बसवल्या आहेत. आडव्या आठ, उभ्या सहा. हिशेबानं अठ्ठेचाळीस व्हायला हव्यात, पण मोजल्या तर चव्वेचाळीसच भरतात. उरलेल्या चार कुठे गेल्या, ते शेवटी सांगणार आहे. त्याआधी या भिंतीचा थोडा इतिहास सांगायला हवा, कारण घरातल्या सगळ्या भिंतींत इतिहासानं सर्वांत कमी विचारपूस केलेली भिंत म्हणजे चुलीमागची भिंत.

नरपड हे डहाणूच्या उत्तरेला, चिखले-घोलवड-बोर्डीच्या वाटेवरचं समुद्रकाठचं गाव. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. सुरूची बनं, ताड, नारळ आणि आत वळलं की चिकूच्या वाड्या. आमच्याकडे सरपण म्हणजे याच झाडांची कृपा. सुरूच्या काटक्या, नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या, चिकूच्या छाटलेल्या फांद्या. चिकूचं लाकूड सावकाश जळतं, भाताला चांगलं. झावळी भडकते, भाकरीला ती लागते. माझी अम्मी हातात काटकी घेऊनच सांगायची, ही आज पेटणार, ही उद्या. रमजानमध्ये सहेरीसाठी रात्री तीन वाजता ती चूल पेटवायची आणि आम्ही भावंडं धुराच्या वासानं जागे व्हायचो. तो वास मला अजून प्रिय आहे. पण त्या वासानं काय केलं, हेही मला आज ठाऊक आहे.

मराठीत एक जुना शब्द आहे, भानवस. चुलीच्या मागे, भिंतीला लागून केलेला मातीचा उंचवटा. उतरवलेली भांडी ऊबेला ठेवण्याची ती जागा. ज्या भाषेनं चुलीमागच्या हातभर जागेला स्वतंत्र नाव दिलं, त्या भाषेच्या बायकांनी त्या जागेवर किती वेळ काढला असेल! भानवसाच्या मागची भिंत मातीची. आमच्या भागात ती बहुधा कुडाची असायची. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचं तूस कालवून लिंपायचं. वारली पाड्यांवर आजही अशी घरं दिसतात. लग्नात सुवासिनी गेरूच्या अंगावर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, तो अशाच भिंतीवर. १९७० च्या दशकात ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली, गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण भिंत लिंपणारी बाई होती, आणि ते काम कागदावर येण्याजोगं नव्हतं. ते दर आठवड्याला नव्यानं करावं लागायचं.

चुलीमागची भिंत तर सर्वांत हट्टी. धूर तिच्यावर बसायचा, तेलाचे शिंतोडे उडायचे, आधण उतू जायचं. दर शुक्रवारी सकाळी अम्मी पोतेरं घ्यायची, लाल मातीच्या पाण्यात बुडवायची आणि वरून खाली फिरवायची. भिंत ओली असेपर्यंत गडद दिसायची, वाळली की नवी. सहा दिवसांत पुन्हा काळी. शेजारच्या वाडीतली एक वारली आजी पावसाळ्यानंतर येऊन पोपडे निघालेली जागा लिंपून द्यायची. शेण किती, माती किती, हे ती मोजत नसे, मुठीत दाबून पाहायची. मी अम्मीला विचारलं होतं, “एवढं कशाला, पुन्हा काळीच होणार ना?” ती म्हणाली, “पोटही पुन्हा रिकामंच होतं.”

१९९३ साली मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो. नोकरी नव्हती, कविता होत्या. अम्मीचे गुडघे दुखू लागले होते. वाटलं, निदान हे दर शुक्रवारचं पोतेरं तरी सुटावं. डहाणूला एका दुकानात पांढऱ्या टाइल्स पाहिल्या आणि ठरवलं की चुलीमागे टाइल लावायची. गवंड्याचे पैसे नव्हते, म्हणून स्वतःच लावायची.

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाची खोड अशी की तो टाइल आणण्याआधी टाइलविषयी वाचायला बसतो. मीही बसलो. तेव्हा कळलं की ही गुळगुळीत वस्तू आमच्या स्वयंपाकघरात यायला पाच-सहाशे वर्षं चालत आली आहे.

भाजलेल्या मातीवर काचेसारखी झिलई चढवण्याची कला इराणात फार वाढली. काशान हे तिचं मोठं ठिकाण, म्हणून या फरशीला ‘काशी’ म्हणतात. आपल्या वाराणसीशी त्या नावाचा संबंध नाही. महाराष्ट्रात ती पाहायची तर दौलताबादला जावं. तिथला चांद मिनार बहमनींच्या काळात, पंधराव्या शतकात उभा राहिला आणि त्यावर निळ्या इराणी फरश्या होत्या. त्याच किल्ल्यातल्या चिनी महालाला नावच भिंतीवरच्या चिनी कामावरून मिळालं. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला औरंगजेबानं या महालात कैदेत ठेवलं. बिदरला महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ सालचा. सतराव्या शतकाच्या अखेरीला स्फोटात त्याचा बराच भाग ढासळला, पण उरलेल्या मनोऱ्यावर निळे-हिरवे तुकडे अजून चिकटून आहेत. म्हणजे दख्खनमध्ये टाइल आली ती मिनारावर, मदरशावर आणि महालावर. चुलीपाशी यायची तिची कुठलीच चिन्हं नव्हती.

पश्चिमेकडून तीच वस्तू पोर्तुगीजांनी आणली. त्यांच्या भाषेत तिला ‘आझुलेजु’ म्हणतात आणि तो शब्द मूळचा अरबी आहे, घासून गुळगुळीत केलेला लहान दगड अशा अर्थाचा. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात निळ्या फरश्यांवर लुशियाद महाकाव्यातले प्रसंग रंगवलेले आहेत, ते काम १९३५ सालचं. आमचा डहाणूचा किनाराही १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे येईपर्यंत पोर्तुगीजांच्याच अमलाखाली होता. पण गावघरात त्यांची फरशी मी कधी पाहिली नाही. पाव आला, काजू आला, मिरची आली. चुलीमागे माती होती तीच राहिली.

टाइल सामान्य माणसाच्या चुलीपाशी गेली ती हॉलंडमध्ये. सतराव्या शतकात डच लोक चिनी भांड्यांच्या निळ्या-पांढऱ्या रंगांना भुलले आणि तशाच रंगाच्या लहान फरश्या करू लागले. डेल्फ्ट गावाच्या नावानं त्या ओळखल्या जातात. त्या त्यांनी कुठे लावल्या? शेगडीच्या भोवती आणि भिंतीच्या पायथ्याला. कारण साधं होतं, काजळी आणि ओल एका फडक्यानं पुसता येते. मिनारावरची वस्तू चुलीपाशी आणली ती पुसणाऱ्या हातांच्या सोयीनं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, डच बाईलाही अम्मीचं दुखणं ठाऊक होतं.

आपल्याकडे इंग्रजी अमदानीत फरश्या बोटीतून मुंबईला येत आणि मोठमोठ्या इमारतींत बसत. १९२२ साली सिधवा या पारशी कुटुंबानं मुंबईत भारत टाइल्स सुरू केली. स्वदेशीच्या वाऱ्यात उभा राहिलेला हा उद्योग, पण त्यांच्या नक्षीदार फरश्या सिमेंटच्या आणि जमिनीसाठी. भिंतीवरची झिलईची पांढरी टाइल देशात मोठ्या प्रमाणावर होऊ लागली ती ठाण्याच्या जॉन्सन कंपनीसारख्या कारखान्यांमुळे. ती कंपनी १९५८ सालची. पुढे सौराष्ट्रातल्या मोरबीनं सगळ्यांना मागं टाकलं. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू धरण फुटून हे गाव वाहून गेलं होतं. कौलं आणि घड्याळं करणाऱ्या त्याच गावानं पुन्हा उभं राहून टाइलचे कारखाने काढले आणि आज देशातल्या बहुतेक टाइल्स तिथेच होतात. मोरबीचे ट्रक मुंबईकडे जाताना आमच्या तलासरी-चारोटीवरूनच जातात. टाइल स्वस्त झाली आणि नरपडच्या बेकार कवीच्या खिशाला परवडली, ती अशी. मी पन्नास घेतल्या. दोन फुटतील असं धरलं होतं.

‘फरशी’ हा शब्दही मजेशीर आहे. ‘फर्श’ म्हणजे अंथरलेलं, जमिनीवर पसरलेलं. जे अंथरायचं ते मी उभं लावायला निघालो होतो. आणि झालंही तसंच.

मातीच्या भिंतीचा वरचा थर खरवडला, पाणी मारलं, सिमेंटची पेस्ट केली आणि एका दुपारी सगळ्या टाइल्स चिकटवून टाकल्या. काय देखणी दिसली भिंत! गल्लीतल्या बायका पाहायला आल्या. अम्मीनं पहिल्यांदा फडकं फिरवलं आणि काळा डाग एका झटक्यात गेला, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली. जूनमध्ये पाऊस लागला. जुलैत बोटानं वाजवलं तर टाइल पोकळ वाजू लागली. एका रात्री स्वयंपाकघरात खळखळाट झाला. अकरा टाइल्स भानवसावर येऊन पडल्या होत्या. सिमेंटचा पापुद्रा त्यांच्या पाठीला तसाच, आणि त्या पापुद्र्याला भिंतीची माती.

मग मी गवंडीमामांकडे गेलो. ते आमच्याच आळीतले. भिंत पाहून हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, “बाळा, माती पावसात फुगते, उन्हात आकसते. सिमेंटला यातलं काहीच जमत नाही. दोघांचा संसार कसा व्हायचा?” मग बसून समजावलं. त्यांनी सांगितलेलं मी दुसऱ्या वर्षी केलं, आणि ते आजही कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

कुडाच्या भिंतीला हात लावायचा नाही. तिच्या पुढे अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंची, स्वतंत्र भिंत जोत्यापासून उचलायची. दोन्हींमध्ये दोन बोटं जागा मोकळी सोडायची, वर आणि खालीही ती उघडी ठेवायची. त्या फटीतून वारा खेळतो, विटेची ऊब मागच्या कारवीपर्यंत जात नाही. लाकडाच्या चुलीमागे ही फट म्हणजे आगीपासून राखण. विटेवर वाळू-सिमेंटचा गिलावा करायचा, तो गुळगुळीत करायचा नाही, खरबरीत ठेवायचा आणि आठ-दहा दिवस पाणी मारायचं. टाइल्स रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, नाहीतर कोरडी टाइल सिमेंटमधलं पाणी पिऊन टाकते आणि सिमेंट धरत नाही. खाली सरळ पट्टी ठोकून, पाणसळ लावून पहिली ओळ मांडायची. पहिली ओळ चुकली की वरची प्रत्येक ओळ ती चूक मोठी करत जाते. दोन टाइल्समध्ये काडेपेटीच्या काडीएवढी सांध, ती दुसऱ्या दिवशी पांढऱ्या सिमेंटनं भरायची. टाइल भानवसाच्या वरून सुरू करायची, थेट जाळाला भिडवायची नाही. आणि तापलेल्या टाइलवर गार पाण्याचा फडका मारायचा नाही, झिलईला केसासारख्या भेगा पडतात.

विटा आणताना एक गोष्ट मनाला लागली. आमच्या तालुक्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं पावसाळा सरला की भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. ज्यांच्या हातांनी विटा थापल्या त्यांच्या पाड्यावर कूड, आणि माझ्या चुलीमागे वीट. मी काही त्यावर उपाय केला नाही. नुसतं पाहिलं आणि विटा रचल्या.

चार दिवस काम चाललं. फुटलेल्यांच्या जागी नव्या आणून अठ्ठेचाळीस टाइल्स बसल्या आणि या वेळी टिकल्या. पण खरी गोष्ट त्यानंतर सुरू झाली.

मातीची भिंत काळी होते, हे आम्ही जन्मापासून पाहत होतो. पण ती मुळात गडद. काळ्यावर काळं चढतं, शुक्रवारी पोतेरं फिरतं, विषय संपतो. पांढरी टाइल तसं करत नाही. सकाळी पुसलेली भिंत दुपारपर्यंत पिवळट आणि रात्री करडी. झावळीचा जाळ असेल त्या दिवशी सरळ काळी. एका जेवणाचा धूर किती, हे आमच्या घरात पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. अम्मी राख आणि काथ्या घेऊन रोज पुसायला लागली. आठवड्याचं काम मी रोजचं करून ठेवलं होतं! एका संध्याकाळी ती पुसता पुसता थांबून म्हणाली, “आधीची भिंत गिळायची. ही दाखवते.”

ती खोकत होती. बरीच वर्षं खोकत होती. भिंतीनं गिळलेलं पोतेऱ्यानं झाकलं जायचं. तिनं गिळलेल्याचं काय, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनात आला, आणि तो विचारायला मला टाइल लागली याची लाज वाटली.

हा प्रश्न विचारणारी माणसं माझ्या फार आधी होऊन गेली होती. वर्ध्याच्या मगनवाडीत, ग्रामोद्योगाच्या प्रयोगशाळेत, धुराडं असलेली मगन चूल तयार झाली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५० च्या दशकात गरिबांच्या घरासाठी बिनधुराची चूल मांडली आणि तिच्यावर पुस्तिका लिहिली. आमच्या शेजारच्या गुजरातेत कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर लहान उपकरणं लावून त्यांच्या श्वासात किती धूर जातो ते मोजलं. तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला आणि जगाला चुलीच्या धुराचा आकडा कळला. त्याच दशकात सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तीन कोटींहून जास्त चुली बसल्या, आणि २००२ साली कार्यक्रम संपला तेव्हा त्यांतल्या पुष्कळ विझलेल्या किंवा मोडलेल्या होत्या. चूल बसवणारा निघून जातो आणि धुराडं साफ करणं बाईच्या माथी येतं, हे त्यातलं एक कारण. पुण्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘आरती’ संस्थेनं पुढे या चुलींवर चिकाटीनं काम केलं.

१९९७ साली मी पुन्हा हातात छिन्नी घेतली. वरच्या ओळीतल्या मधल्या चार टाइल्स जपून काढल्या. गवंडीमामांना बोलावलं, विटेतून आणि कुडातून आरपार भोक पाडलं, चुलीच्या मागून पाइप घेऊन कौलांच्या वर काढला. जिथे पाइप कुडातून जातो तिथे भोवती मातीचा जाड लिंपा दिला. धूर वर जायला लागला. भिंत दोन-दोन दिवस पांढरी राहू लागली. दर महिन्याला पाइपमधली काजळी काढण्याचं काम मी माझ्याकडे घेतलं. काढलेल्या चार टाइल्स अम्मीनं फळीवर ठेवल्या, गरम भांड्याखाली ठेवायला.

उशीर झाला होता. तिची छाती सुधारली नाही. पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात चूल आहे का? किती वर्षं?” तिनं बोटं मोजली आणि म्हणाली, “न्हाण आलं तेव्हापासून.” २००८ साली ती गेली. सगळं धुरानंच झालं असं मी म्हणणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. एवढ्या मोठ्या आकड्यात मला फक्त एक हात दिसतो, पोतेरं धरलेला.

२०१६ च्या मे महिन्यात उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या पाड्यापाड्यांवर सिलिंडर पोचले. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं ५८.६ टक्के भरली. म्हणजे दहांतल्या चार घरी तेव्हाही धूर होताच. आणि सिलिंडर असलेल्या घरीही अंघोळीच्या पाण्याला, तांदळाच्या भाकरीला, सणासुदीच्या मोठ्या टोपाला चूल पेटते. आमच्याकडेही पेटते.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडीच्या बाजूला लोक महिनोन् महिने तंबूत झोपले. नरपडलाही जमीन थरथरली. एका पहाटे उठून मी पहिल्यांदा चुलीमागची भिंत पाहिली. खालच्या दोन ओळींमधला सांधा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उकलला होता, टाइल एकही पडली नव्हती. मागचा कूड आपल्या जागी, पुढची वीट आपल्या जागी, मध्ये दोन बोटं फट. गवंडीमामा आता नाहीत. मी पांढरं सिमेंट कालवून सांधा भरला. थोडा वाकडा भरला गेला आहे.

परवा माझ्या लेकीनं विचारलं, “अब्बा, वर ती चार टाइल्सची जागा तशीच का ठेवलीत? पाइप गोल आहे, भोवती टाइल कापून बसवता येईल की.” येईल. आता यंत्रानं टाइल हवी तशी कापून मिळते. पण मी नको म्हणालो. त्या भिंतीवर मी अठ्ठेचाळीस टाइल्स लावल्या, त्यात माझी हौस होती. चार काढल्या, तेवढंच अम्मीच्या कामाला आलं.